व्हरांड्याची भिंत: प्रकल्प नोंदी (नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५)

१८ नोव्हेंबर, सोमवार

भिंत मिळाली एकदाची. चार वेळा मागून झाली होती, पाचव्यांदा मोठ्या मॅडम इलेक्शन ड्यूटीच्या कागदांत बुडालेल्या असताना विचारलं तर मान वर न करताच म्हणाल्या घ्या घ्या, पण गॅदरिंगच्या आत संपवा. गॅदरिंग ११ जानेवारीला. म्हणजे मधल्या सुट्ट्या, सहामाहीचे उरलेले मार्क भरणं वगैरे धरून हातात फार तर सहा आठवडे.

मोजून आले. लांबी ३२ फूट. खालचे चार फूट चॉकलेटी ऑइलपेंट, वर सहा फूट पिवळट डिस्टेंपर. डाव्या टोकाला वरच्या टाकीमुळं ओल आलीय आणि प्लास्टर परातीएवढं फुगलंय. मामा (आमचे शिपाई) म्हणाले हे पाडून घ्या आधी, म्हणलं बघू.

विषय ठरलाय, नववीला कलेच्या इतिहासात आदिमानव ते प्राचीन संस्कृती आहे तोच. वर्गात तक्ता लावलाय, रेषा, आकार, रंग, पोत, छायाभेद, अवकाश, आणि खाली तोल, लय, प्रमाण. पोरांना हे सगळं पाठ आहे, रात्री झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील, पण एखादं चित्र समोर ठेवून यात तोल कुठंय दाखव म्हणलं की छताकडं बघतात. म्हणून भिंत.

आजचा प्लॅन: चार-चार फुटांचे आठ चौकोन. हात, बायसन, भीमबेटका, इजिप्त, मेसोपोटेमिया, सिंधू, क्रीट, ग्रीस. कागदावर एकदम छान दिसतंय.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल मतदान, शाळेत बूथ, त्यामुळं भिंतीला हात लावता आला नाही. आज सामान. ऑइलपेंटवर गेरू बसत नाही, थेंब होऊन खाली पळतो, म्हणून वरचे सहा फूटच घ्यायचे. डिस्टेंपर पॉलिश पेपरनं घासायचं आणि चुन्यात डिंक घालून दोन हात मारायचे. बलक घालून बघायचा होता पण अंडं शाळेत आणायचं नाही असं स्टाफरूममध्ये दोघींनी सांगितलं, वाद नको म्हणून बाभळीचा डिंक.

खरी मजा पिवडीची झाली. ठरवलं होतं की पोरांना लाल रंग विकत आणून नाही द्यायचा, करून दाखवायचा. पिवडी म्हणजे पिवळी माती, तिच्यात लोखंडाच्या ऑक्साइडला पाणी बांधलेलं असतं, साधारण अडीचशे-तीनशे डिग्रीला तापवली की ते पाणी निघून जातं आणि माती लाल होते. गुहेत राहणाऱ्या माणसांनाही ही युक्ती माहीत होती. तर शाळेच्या पोषण आहाराचा जुना तवा घेतला, दुकानातून आणलेली पिवडी पसरली, पाऊण तास भाजली, पोरं गोल करून उभी, आणि काहीच झालं नाही, नुसता वास सुटला आणि कडेनं राखाडी पडली. खडूची पूड आणि वरून पिवळा रंग, दुसरं काय. "मॅडम, करपली," एक पोरगी म्हणाली. तोंडावर पडले.

मग मामांनी दुपारी घरून वाटीभर आणली, जुन्या घराच्या भिंतीला देतात ती, ढेकळं असलेली. ती मात्र दहा-बारा मिनिटांत कडेनं लाल व्हायला लागली, आधी नारिंगी, मग विटेसारखी, आणि पोरांचा असा आवाज निघाला की शेजारच्या वर्गातले सर बाहेर आले. एकाच ढेकळातून कमी-जास्त भाजून चार छटा काढल्या, वाट्यांत ओळीनं ठेवल्या. रंगछटा हा शब्द फळ्यावर न लिहिता शिकवून झाला, माझ्या नोकरीतली ही पहिलीच वेळ असावी.

दक्षिण आफ्रिकेत ब्लोम्बोस गुहेत रंग बनवायचं साहित्यच सापडलंय, मोठ्या शिंपल्यांत कालवलेली लाल माती, कुटायचे दगड, सुमारे १ लाख वर्षं जुनं. हे सांगितल्यावर त्याच पोरीनं विचारलं, मग त्यांचंपण करपलं असेल ना आधी. असेलच की.

२५ नोव्हेंबर, सोमवार

चुना वाळला. हात केले, म्हणजे गुहेतल्यासारखे, भिंतीवर हात टेकवायचा आणि भोवती रंग फुंकायचा.

तोंडात रंग घेऊन फुंकायची परवानगी मी देणार नव्हते त्यामुळं स्ट्रॉची जुगाड. एक स्ट्रॉ रंगाच्या पाण्यात उभी, दुसरी तिच्या टोकाला आडवी, आडवीतून जोरात फुंकलं की रंग वर चढतो आणि तुषार उडतात. पहिल्या तीन हातांना नुसते ओघळ, रंग फार पातळ होता. घट्ट केला तर नळी तुंबली. शेवटी फडक्यातून गाळून घेतला तेव्हा जमलं.

आणि मग ते झालं जे मला हवं होतं. एकानं हात काढून घेतला आणि म्हणाला, मॅडम हात रंगवलाच नाही तरी हात दिसतोय. बास! पुस्तकात अवकाश म्हणजे आकाराभोवतीची रिकामी जागा असलं वाक्य आहे, ते दरवर्षी पोरं लिहितात आणि दरवर्षी मी अर्धा मार्क कापते, का ते आज मलाच कळलं.

बहुतेक सगळे डावेच हात आले. का, तर उजव्यात स्ट्रॉ. जुन्या गुहांतपण डावे हातच जास्त आहेत. इंडोनेशियात सुलावेसी बेटावर असे हात आहेत, आणि तिथंच लिआंग कारामपुआंग गुहेतलं डुकराचं आणि माणसांसारख्या आकृत्यांचं चित्र किमान ५१,२०० वर्षांचं आहे असं यंदा जुलैमध्येच जाहीर झालं. पुस्तकात अजून युरोपच पहिला आहे. पुस्तक बदलेल तेव्हा बदलेल, भिंतीवर मी सुलावेसी लिहून टाकलं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

फुगलेलं प्लास्टर पाडलं नाही ते बरं झालं. स्पेनमधल्या अल्तामिरा गुहेच्या छतावर अशाच दगडाच्या फुगवट्यांवर बायसन काढलेत, फुगवटा म्हणजे त्याचं वशिंड किंवा पोट, दगडातच जनावर दिसलं आणि माणसानं फक्त रेष ओढून त्याला बाहेर काढलं. आपली भिंत एवढी सोय करून देतीय तर सोडायची कशाला. कोळशानं कड, आत दोन छटांचा लाल, पोटाखाली कोळसा बोटानं पसरवून अंधार. मागच्या बाकावरचा पोरगा (हा वर्षभर वहीत फक्त ट्रॅक्टर काढतो) त्यानं वशिंडावर चुन्याचा ओला हात फिरवून उजेड काढला, मी सांगितलं नव्हतं. छायाभेद.

काम करता करता सौतुओलाची गोष्ट सांगितली. १८७९, स्पेन, मार्सेलिनो सान्झ दे सौतुओला याच अल्तामिराच्या गुहेत खाली जमिनीत हत्यारं शोधतोय आणि त्याची आठ वर्षांची मुलगी मारिया वर बघते आणि म्हणते, बाबा, बैल. त्यानं छापून जाहीर केलं तर मोठमोठ्या अभ्यासकांनी त्याला खोट्यात काढला, एवढं चांगलं चित्र रानटी माणसाला येणारच नाही, कोणीतरी हल्ली काढलेलं असणार. १८८८ मध्ये तो गेला, तोवर कोणी मानलं नव्हतं. विरोध करणाऱ्यांतला मोठा माणूस एमिल कार्तेलाक, त्यानं १९०२ मध्ये चूक झाली असं छापून कबूल केलं. पोरं एकदम चिडली. एकजण म्हणाला १४ वर्षं उशीर. हिशोब बरोबर होता.

कोळशाचं एक सांगायचं राहिलं ते उद्या सांगायला हवं, काळा रंग कोळशाचा असला तर कार्बनवरून वय काढता येतं, फ्रान्समधल्या लास्को गुहेत काळा बराचसा मँगनीजचा आहे, त्याचं नाही काढता येत.

२ डिसेंबर, सोमवार

आठ चौकोनांचा प्लॅन रद्द.

झालं असं की ऑस्ट्रियात विलेनडॉर्फला सापडलेली ती आदिमानवाच्या काळातली लठ्ठ बाईची मूर्ती दाखवत होते, पुस्तकात अर्धं पान फोटो, आणि सहज विचारलं केवढी असेल, तर पोरांनी हात पसरले, कोणी कमरेएवढी, कोणी माझ्याएवढी. ११.१ सेंटिमीटर. पट्टी धरून दाखवली तर विश्वास बसेना. मोहेंजोदडोची नर्तकी? १०.५. तो दाढीवाला, ज्याला पुरोहित राजा म्हणतात? १७.५, वहीच्या पानापेक्षा बुटका. आणि लास्कोचा सगळ्यात मोठा बैल, जो पुस्तकात नर्तकीच्याच शेजारी तिच्याएवढ्याच चौकटीत छापलाय, तो ५.२ मीटर. सतरा फूट!

म्हणजे पुस्तकानं सगळं काडेपेटीएवढं करून टाकलंय आणि मीपण तेच करायला निघाले होते, फक्त काडेपेटीच्या जागी चार फुटांचा चौकोन. मुठीत धरायची वस्तू आणि दिवा घेऊन चालत चालत बघायची वस्तू एका मापाच्या झाल्या तर मग प्रमाण हा शब्द शिकवायचा कशावर.

नवीन नियम: जे काही भिंतीवर येईल ते खऱ्या मापात. क्रीट आणि ग्रीस गेले, जागा नाही आणि सहा आठवड्यांत सगळं जग मावत नाही. क्रीटचं तसंही नोसोसच्या राजवाड्यातलं बैलावरून उडी मारणाऱ्यांचं चित्र आज आपण बघतो त्यातला मोठा भाग तुकड्यांवरून नंतर भरून काढलेला आहे, त्यावर वेगळं कधीतरी.

५ डिसेंबर, गुरुवार

बैल. सतरा फूट म्हणजे अर्ध्या भिंतीच्या वर. फक्त बाह्यरेषा घ्यायची ठरली कारण रंगवायला कोळसा पुरणार नाही आणि हातांवरून, बायसनवरून जाऊ द्यायचा, गुहेतही एकावर एक काढलेलंच आहे.

वहीत बैल काढताना मनगट फिरतं. सतरा फुटांचा काढताना चालावं लागतं. मी स्वतः पाठीची रेष ओढायला गेले, खांद्यापासून शेपटीपर्यंत, तीनदा पुसली, कारण थांबले की तिथं गाठ दिसते. चौथ्यांदा दोन बाकं जोडून त्यावरून न थांबता चालत गेले, पोरं खालून पाय सांभाळा पाय सांभाळा ओरडतायत, आणि रेष आली. हात दुखतोय अजून. लास्कोमध्ये एका बोळात भिंतीला खोबण्या आहेत, लाकडं घालून माळा बांधायच्या. माळ्यावर उभं राहून, चरबीच्या दिव्यात, ती रेष. मी ट्यूबलाइटखाली बाकावर.

बैलाचे पाय खाली ऑइलपेंटवर आले, ते खडूनं काढले, रोज पुसले जातात, रोज कोणीतरी परत काढतं.

शिंगं बाजूनं न काढता जवळजवळ समोरून काढलीत हे पोरांनीच पकडलं. तेव्हा शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, मॅडम, त्यांना नीट काढता येत नव्हतं का? सौतुओलाच्या वेळी विद्वान म्हणत होते इतकं चांगलं येणार नाही, आणि आता हा म्हणतोय नीट येत नव्हतं. उत्तर दिलं नाही. इजिप्तपर्यंत थांब म्हणलं.

१० डिसेंबर, मंगळवार

इजिप्त. चौकटी.

मामांच्या ओळखीचा सुतार आला होता बाकं दुरुस्तीला, त्याच्याकडून गेरूत बुडवलेली दोरी घेतली. दोन टोकं ताणून धरायची, मधे चिमटीत उचलून सोडायची, सट्ट आवाज आणि सरळ लाल रेष. इजिप्तच्या थडग्यांतपण चौकटी अशाच मारलेल्या आहेत, लाल रंगातली दोरी ताणून सोडून. सुताराला सांगितलं तर त्याला काहीच विशेष वाटलं नाही, म्हणाला मग दुसरं कशानं मारणार.

उभा माणूस तळपायापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत १८ घरं. गुडघा ६ वर, ढुंगणाची खालची कड ९ वर, कोपर १२ वर, खांदा १६ वर. बसलेला माणूस १४ घरं. घर मोठं केलं की माणूस मोठा, छोटं केलं की छोटा, त्यामुळं आमचा खऱ्या मापाचा नियम इथं जरा घसरला, कारण इथं खरं माप चौकटीच्या आतच आहे. अडीच इंचाचं घर धरलं.

वर्गाचे तीन गट केले आणि तीन वेगळ्या खोल्यांत बसवले. एकानं डोकं ते कोपर, दुसऱ्यानं कोपर ते गुडघा, तिसऱ्यानं गुडघा ते पाऊल. एकमेकांचं बघायचं नाही. फक्त कुठली रेष कुठल्या घरातून जाते ते फळ्यावर. पाऊण तासानं तीन कागद भिंतीला टेकवले आणि माणूस जुळला! गुडघ्यापाशी एक घर सरकलं होतं कारण तिसऱ्या गटानं वरून मोजलं, तेवढं सोडलं तर एका हातानं काढल्यासारखा. वर्गात टाळ्या पडल्या, मला वाटलं शाळा भरल्यापासून चित्रकलेच्या तासाला पहिल्यांदा.

मग म्हणलं आता विचार, येत नव्हतं का. तोंड बाजूनं, डोळा समोरून, खांदे समोरून, पाय बाजूनं, कारण प्रत्येक अवयव जिथून सगळ्यात स्पष्ट कळतो तिथून घेतलाय. हे चित्र भिंतीवर छान दिसावं म्हणून नाहीये, मेलेल्या माणसाच्या पुढच्या आयुष्यात ते उपयोगी पडायचंय, तिथं हात अंगामागं लपला तर कसं चालेल. आणि वीस माणसं एकाच थडग्यात काम करणार तर सगळ्यांचा माणूस एकच निघायला हवा. ट्यूरिनच्या म्युझियममध्ये चुनखडीची एक कपची आहे, तिच्यावर उलटी कमान टाकणारी नाचणारी पोरगी, केस जमिनीला टेकलेत, एकदम सैल हात, असं वाटतं कोणीतरी दुपारच्या सुट्टीत गंमत म्हणून काढलीय. तोच देश, तेच चित्रकार. तिचा फोटो मोबाइलवर दाखवला.

प्रश्न विचारणारा म्हणाला, म्हणजे येत होतं पण काढायचं नव्हतं. हो. जवळपास तसंच.

१३ डिसेंबर, शुक्रवार

इजिप्तचा राजा नारमेर याची कोरीव दगडी पाटी, सुमारे इसवी सनपूर्व ३१००, हिराकॉन्पोलिसला सापडलेली. जवळजवळ ६४ सेंटिमीटर, पुठ्ठा कापून चिकटवला. राजा केवढा, चप्पल धरणारा नोकर केवढासा. माणसाचं महत्त्व जेवढं तेवढं त्याचं माप. हे समजवायला मी तयारी करून गेले होते आणि गरजच पडली नाही, एक पोरगा खिडकीतून चौकाकडं बोट दाखवून म्हणाला, मॅडम, फ्लेक्स! निकालाच्या अभिनंदनाचे फ्लेक्स अजून उतरलेले नाहीत. मधे साहेब गुडघ्यापर्यंत, बाजूला तालुक्याचे नेते छातीपर्यंत, खाली शुभेच्छुक पासपोर्ट साइझ, आणि अगदी खालच्या पट्टीत मित्रमंडळ तांदळाच्या दाण्याएवढं. पाच हजार वर्षं झाली. मग पोरांनी गृहपाठ म्हणून गावातले फ्लेक्स मोजले, त्यात एकाचे वडील खालच्या ओळीत निघाले, तो विषय तिथंच थांबवला.

१७ डिसेंबर, मंगळवार

मेसोपोटेमियातल्या उर शहरातली ती पेटी, लिओनार्ड वूलीनं खणून काढलेली, साधारण इसवी सनपूर्व २५००. सुमारे ५० सेंटिमीटर लांब आणि २२ उंच, एका बाजूला युद्ध, एका बाजूला मेजवानी. शिंपल्याचे तुकडे, लाल दगड, निळा लाजवर्द, डांबरासारख्या बिटुमेननं चिकटवलेलं. लाजवर्द अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा, म्हणजे तेवढ्या निळ्यासाठी माल कुठून कुठं गेला बघा. आम्ही पोस्टर कलरचा निळा वापरला, तिथं काही ताणलं नाही.

तीन पट्ट्या आहेत आणि वाचायच्या खालून वर. पोरांनी वरून वाचली, गोष्ट उलटी झाली, आधी राजा जिंकला आणि मग गाड्या निघाल्या. खालच्या पट्टीत चार गाड्या, पहिलीची जनावरं चालतायत, मग वेग वाढतो, शेवटची उधळलेली. एकच गाडी चार वेळा असावी असं वाटतं, ट्रॅक्टरवाला म्हणाला हे तर रील आहे. लय.

मेसोपोटेमियातलाच राजा नारामसिन, त्याच्या विजयाच्या शिळेचा फक्त फोटो दाखवला, दोन-अडीचशे वर्षांनंतरची, पट्ट्या मोडून सगळे तिरके डोंगर चढतायत. दोन्ही शेजारी ठेवले की रचना म्हणजे काय ते बोलावं लागत नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार

सिंधू मुद्रा. या दिवसाची मी वाट बघत होते.

मुद्रा ज्या दगडाच्या त्याला शंखजिरं म्हणतात, मऊ, नखानं ओरखडा जातो, कोरून झाल्यावर भाजायचा म्हणजे कडक होतो. साबणाच्या वडीवर करतात सगळे, मला नको होतं. फॅब्रिकेशनवाले लोखंडावर खुणा करायला पांढरा चपटा दगडी खडू वापरतात ना, तो शंखजिऱ्याचाच, डझनभर आणले, स्वस्त पडतात. कर्कटकाच्या टोकानं कोरायचं. खडूची रुंदी अर्धा इंच, खऱ्या मुद्रा साधारण दोन ते चार सेंटिमीटरच्या, म्हणजे आपल्याकडं त्याहून छोट्या, पण त्यांच्याकडंही काही फार ऐसपैस नव्हत्या.

पहिल्या तासाला चाळीसपैकी अडतीस जणांचं नाव मातीच्या गोळ्यावर उलटं उमटलं. उरलेल्या दोघी जुळ्या, घरी छापखाना. तिथून पुढं तासभर वर्गात आवाज नाही. सगळे जीभ बाहेर काढून कोरतायत. बैलाचं वशिंड गोल उठून यायचं तर दगडात तेवढं खोल जायचं, जे वर हवं ते खाली कोरायचं, डोकं उलटंच चालवावं लागतं. मातीतून दगड उचलला आणि त्या एवढ्याशा जागेत एका पोरीच्या बैलाच्या गळ्याच्या पोळीच्या घड्या दिसल्या तेव्हा खरं सांगते माझ्या अंगावर काटा आला. मुद्रेवरचं एकशिंगी जनावर बघून आधी सगळे हसले होते, आता त्याच्या मानेवरच्या रेघा मोजत होते.

भिंतीवर मुद्रांचे ठसे एका ओळीत चिकटवले. सतरा फुटी बैलाच्या पोटाखाली अर्ध्या इंचाचे बैल.

त्यांच्याच शेजारी दायमाबादचा रथ, हा आपला, अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी १९७४ ला सापडलेला, रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, चारही भरीव ओतलेले, मिळून ६० किलोच्या वर. रथ ४५ सेंटिमीटर लांब. पोरांनी पुठ्ठ्याचा केला, चाकं फिरतात. भीमबेटकाचे दोन नाचणारे गडी पण याच दिवशी झाले घाईत. पुरातत्त्वज्ञ वाकणकरांना १९५७ मध्ये आगगाडीतून ते खडक दिसले आणि ते उतरून बघायला गेले एवढं सांगितलं. पोरं म्हणाली हे तर वारली. दिसायला सारखं आहे, त्रिकोणी अंगं, काटकुळे हात, पण सारखं दिसतं म्हणजे त्यांच्याकडून आलं असं लगेच लिहू नका वहीत.

२८ डिसेंबर, शनिवार

भिंत भरली पण एक गोष्ट भिंतीत मावणारी नव्हतीच. कशेळीचा हत्ती.

माझं माहेर राजापूरकडचं. लहानपणी सड्यावर (कातळाच्या उघड्या माळावर) असलं कोरीव काही दिसलं की पांडवांचं काम म्हणून मोठी माणसं मोकळी व्हायची. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबतच्यांनी गावोगाव फिरून ही कातळशिल्पं शोधली, २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यातला कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर बाय १३ मीटर, जांभ्यात कोरलेला, पोटात आणखी कितीतरी प्राणी.

मैदानावर फक्कीनं काढला. फोटोवर १८ बाय १३ चौकटी, मैदानावर तेवढ्याच, एक चौकट एक मीटर, सुतळीनं. इजिप्तचं इथं कामाला आलं. सकाळी सातला सुरू केलं, साडेअकरा झाले. मजा म्हणजे काढताना कोणालाच हत्ती दिसत नव्हता. सोंड काढणाऱ्यांना वाटत होतं आपण रस्ता आखतोय. खो-खोच्या खांबापाशी दोन गटांचं भांडण झालं की हा पाय आहे की शेपूट, मलाही सांगता येईना. मग मामांनी गच्चीचं कुलूप काढलं, दहा-दहाच्या टोळ्या करून वर नेलं, आणि एकेक टोळी कठड्याशी जाऊन गप्प. मग आरडाओरडा.

खाली उतरताना ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, तिथं सड्यावर गच्ची कुठं होती? जिन्यात सगळे थांबले. मीपण.

४ जानेवारी, शनिवार

तक्रारी. गेरू पांढऱ्या शर्टांना लागतोय. भिंतीला पाठ टेकून उभी राहतात पोरं, बायसनचं पोट फिकं आणि नववी ब ची पाठ तांबडी. दोन आयांचे फोन मोठ्या मॅडमना. लास्को १९६३ मध्ये लोकांसाठी बंद केली, रोज येणाऱ्या माणसांच्या श्वासानं आणि दिव्यांनी भिंतीवर शेवाळ धरायला लागलं म्हणून, नंतर शेजारी नक्कल बांधली, ती बघायची. आमच्याकडं बंद करायला व्हरांडा आहे, तो बंद केला तर मुतारीला जायचा रस्ता बंद होतो. दोन फुटांवर सुतळी बांधली. दुसऱ्या दिवशी सुतळी मधोमध तुटलेली.

डिंकाचं पाणी वरून फवारलं, थोडं धरलंय.

८ जानेवारी, बुधवार

फुगवटा पडला. रात्री कधीतरी. सकाळी मामांनी दाखवलं, वशिंड खाली ढिगाऱ्यात, वर उघडी वीट. पाडून घ्या म्हणलो होतो असं ते बोलले नाहीत, पण बघितलं तसं. गॅदरिंगला तीन दिवस, पाहुणे याच व्हरांड्यातून येणार, मोठ्या मॅडम म्हणाल्या गवंडी बोलवा. गवंडी म्हणाला टाकी गळतीय तोवर परत पडणार. पोरांचं म्हणणं राहू द्या तसंच, बायसनला बाण लागलाय म्हणू. मॅडमना ते पटलं नाही. चुन्याचा गिलावा करून घेतला, सपाट. ट्रॅक्टरवाल्यानं सपाटावर परत बायसन पूर्ण केला, छायाभेद वगैरे सगळं नीट, आधीपेक्षा सफाईदारच, पण मला आपलं सारखं वाटतंय की आता तो नुसता काढलेला दिसतोय. त्यालाही वाटलं असणार, कारण मधल्या सुट्टीत तो भिंतीवर तळहात फिरवत दुसरा फुगवटा शोधत होता.

१३ जानेवारी, सोमवार

गॅदरिंग झालं. मंडपवाल्यांनी मैदानावर खांब रोवले, खुर्च्या ओढल्या, हत्तीचा फक्त पाठीचा बाक आणि एक कान शिल्लक आहे. पाहुण्यांनी भिंतीसमोर फोटो काढले, सगळ्यांनी मोठ्या बैलापुढं, मुद्रा कोणी बघितल्या नाहीत, वाकावं लागतं त्यांच्यासाठी. एक आजी मात्र वाकल्या, चष्मा लावून पूर्ण ओळ बघितली आणि त्या गळ्याच्या पोळीच्या बैलावर बोट ठेवून म्हणाल्या हा खिलार नाही, हा दुसरा आहे.

हिशोब: पिवडी मामांची, फुकट. चुना, डिंक, खडू, सुतळी धरून ठरलेल्या पैशांत बसलं, १४० रुपये उरले. फक्कीची अर्धी गोणी शिल्लक, खेळाच्या खोलीत ठेवलीय, पोरं विचारतायत शनिवारी हत्ती परत काढायचा का. चौकटींचा कागद माझ्या टेबलाच्या डाव्या खणात आहे.